दुर्गम वस्तीतील संमिश्र वीजप्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी काय तपासावे?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असल्यास आपल्याला लगेच कळेल. सुमारे ९० घरे, एक आरोग्य केंद्र आणि पाण्याचा एक मोठा पंप असलेल्या वस्तीसाठी ६० किलोवॅटचे सौर पॅनेल, १० किलोवॅटची पवनचक्की, २०० किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी आणि ५० केव्हीएचा डिझेल जनरेटर अशी प्रणाली उभी राहिली आहे. वर्षातले चार महिने वस्तीचा रस्ता बंद असतो. दोन दिवसांत चाचण्या आटोपून प्रमाणपत्रावर सह्या घेऊ, असे कंत्राटदार म्हणतो. मात्र जनरेटर सुरू झाला की सौर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरगुती वापराच्या एसी विजेत बदलणारी उपकरणे) एकामागून एक बंद पडतात आणि त्याबद्दल विचारल्यावर ‘सेटिंगचा प्रश्न आहे, नंतर पाहू’ एवढेच उत्तर मिळते. वस्तीच्या समितीतर्फे आपण सही करावी का आणि करण्यापूर्वी कशाची मागणी करावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे स्पष्ट मत असे की आज सही करू नये. कंत्राटदाराच्या हेतूबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. त्याने बसवलेले प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे नीट चालत असेल, हेही मी मान्य करतो, कारण पॅनेल, इन्व्हर्टर, बॅटरी आणि जनरेटर हे सगळे कारखान्यातच तपासून आलेले असतात. अशा प्रणाली बिघडतात त्या सांध्यांवर. ढग आला आणि सौरऊर्जेचा भार बॅटरीने उचलायचा आहे, बॅटरी भरली आणि सौर उत्पादन कमी व्हायचे आहे, रात्री बॅटरी उतरली आणि जनरेटरने सूत्रे हाती घ्यायची आहेत, अशा प्रत्येक क्षणी एक स्रोत दुसऱ्याच्या हाती वीज सोपवत असतो. कमिशनिंग, म्हणजे प्रणाली ताब्यात देण्यापूर्वीची चाचणी, ही मुख्यतः या हस्तांतरांची परीक्षा असते. त्यातले शेवटचे हस्तांतर अभियंत्यांकडून वस्तीतल्या माणसांकडे होते आणि नेमक्या त्याच हस्तांतराला सर्वांत कमी वेळ दिला जातो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे. सौर पॅनेल बॅटरीच्या डीसी बाजूला जोडलेले आहेत की स्वतःच्या इन्व्हर्टरमधून गावाच्या एसी वाहिनीला, यावर पुष्कळ ठरते. आपल्या वर्णनावरून दुसरा प्रकार असावा, असे मी धरले आहे. बॅटरीचा इन्व्हर्टर तीन फेजचा आणि साधारण ६० केव्हीएचा आहे, हेही गृहीत धरले आहे. माझे बहुतेक काम काहीशे किलोवॅटपर्यंतच्या अशाच प्रणालींवर झालेले असल्यामुळे तर्काची दिशा आपल्या उपयोगी पडेल, पण आकडे आपल्या आराखड्याशी ताडून पाहावेत.

आता बंद पडणाऱ्या सौर इन्व्हर्टरांकडे येतो, कारण ती तक्रार किरकोळ नाही. जनरेटर बंद असताना बॅटरीचा इन्व्हर्टर गावाचे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी (विजेची दर सेकंदाची आवर्तने) ठरवतो आणि सौर इन्व्हर्टर त्याच्यामागे चालतात. बॅटरी भरत आली की तो मुद्दाम फ्रिक्वेन्सी वाढवतो. सौर इन्व्हर्टर ती वाढ ओळखतात आणि साधारण ५१ हर्ट्झपासून उत्पादन कमी करत ५२ हर्ट्झला शून्यावर येतात. ही सांकेतिक भाषा साधी असून चांगली चालते. मात्र जनरेटर जोडला गेला की फ्रिक्वेन्सी त्याचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, ठरवू लागतो. जुन्या पद्धतीच्या गव्हर्नरमध्ये सुमारे ४ टक्के ड्रूप असतो, म्हणजे पूर्ण भाराला ५० हर्ट्झ असेल तर भार काढून घेतल्यावर ती ५२ हर्ट्झपर्यंत चढते. भर दुपारी जनरेटर सुरू झाला, तर गावाचा बराच भार आधीच सौर पॅनेल उचलत असतात, त्यामुळे जनरेटर जवळजवळ रिकामा फिरतो, फ्रिक्वेन्सी चढते आणि बॅटरी अर्धी रिकामी असली तरी सौर इन्व्हर्टरांना ‘बॅटरी भरली’ असाच निरोप पोचतो.

त्यात इन्व्हर्टरमध्ये मोठ्या राष्ट्रीय जाळ्यासाठीचे सेटिंग तसेच राहिलेले असेल, तर प्रकार आणखी बिघडतो. अशा काही सेटिंगमध्ये ५०.२ हर्ट्झवर उत्पादन कमी होऊ लागते आणि ५१.५ हर्ट्झ ओलांडल्यावर इन्व्हर्टर जाळ्यापासून पूर्ण सुटतो. तो सुटला की सगळा भार जनरेटरवर येतो, फ्रिक्वेन्सी खाली उतरते, इन्व्हर्टर ठरावीक वेळ थांबून परत जोडला जातो, जनरेटर पुन्हा रिकामा होतो आणि चक्र नव्याने सुरू होते. आपण वर्णन केलेली लक्षणे या चित्राशी तंतोतंत जुळतात.

याचा उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. सौर इन्व्हर्टरांमध्ये स्वतंत्र जाळ्यासाठीचे सेटिंग घालावे आणि जनरेटरची रिकाम्या भाराची फ्रिक्वेन्सी खाली आणावी किंवा भार कितीही असला तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर बसवावा. मात्र फ्रिक्वेन्सी स्थिर झाली, की ती निरोप देण्याचे कामही थांबवते. मग जनरेटर चालू असताना सौर उत्पादन कमी करण्याचा आदेश नियंत्रकाने तारेवरून दिला पाहिजे. हा दुसरा भाग विसरला गेलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे.

तो विसरला तर काय होते, हे आपल्याच आकड्यांवरून पाहू. ५० केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) ४० किलोवॅट देतो. डिझेल इंजिन बराच काळ ३० टक्क्यांहून कमी भारावर चालवले तर इंधन पूर्ण जळत नाही आणि सिलिंडर व एक्झॉस्टमध्ये काजळी व तेलकट थर साचत जातो, म्हणून निदान १२ किलोवॅट भार त्याच्यावर राहिला पाहिजे. समजा, दुपारी गावाची मागणी २५ किलोवॅट आणि सौर उत्पादन ४५ किलोवॅट आहे. वरचे २० आणि जनरेटरचे किमान १२ मिळून ३२ किलोवॅट बॅटरीने शोषले पाहिजेत. बॅटरी भरलेली असेल तर सौर उत्पादन १३ किलोवॅटपर्यंत खाली आणावे लागेल. ते आणले नाही, तर वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते आणि त्याचा संरक्षक रिले त्याला बंद करतो. म्हणून पहिली मागणी ही करावी: स्वच्छ ऊन असताना, बॅटरी ९५ टक्क्यांच्या वर भरलेली असताना आणि गावात भार कमी असताना जनरेटर सुरू करून निदान तासभर प्रणाली स्थिर चालवून दाखवावी. या चाचणीसाठी योग्य दिवसाची वाट पाहावी लागली तरी पाहावी.

दुसरा सांधा संरक्षणाचा आहे आणि तो थेट जिवाशी संबंधित असल्यामुळे त्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो. जनरेटरवर शॉर्टसर्किट झाले तर तो आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या काही पट प्रवाह थोडा वेळ देऊ शकतो. इन्व्हर्टर बहुधा दीडपट, फार तर दुप्पट देतो आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. ६० केव्हीएच्या तीन फेज इन्व्हर्टरचा ४०० व्होल्टला पूर्ण प्रवाह सुमारे ८७ अँपिअर, म्हणून दीडपट धरला तर १३० अँपिअर. एखाद्या गल्लीच्या वाहिनीवर ६३ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा ब्रेकर असेल, तर तो तत्काळ सुटण्यासाठी त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ३१५ ते ६३० अँपिअर प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह इन्व्हर्टरकडे नाहीच. त्यामुळे रात्री गावाच्या टोकाला तार तुटून बिघाड झाला, तर त्या गल्लीचा ब्रेकर जागचा हलणार नाही आणि आरोग्य केंद्रासह सगळे गाव अंधारात जाईल. इन्व्हर्टर स्वतःहून पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न करत राहिला, तर तुटलेल्या तारेत पुन्हा पुन्हा वीज येत राहील. कंत्राटदाराने दाखवलेले शॉर्टसर्किट प्रवाहाचे गणित केवळ जनरेटरवर केलेले असेल, तर ते अपुरे आहे. केवळ इन्व्हर्टरवर गाव चालत असताना प्रत्येक वाहिनीच्या टोकाला संरक्षण कसे चालेल, हे त्याने लेखी दाखवावे. लहान ब्रेकर, गळतीप्रवाहावर सुटणारे ब्रेकर आणि व्होल्टेज कोसळताच निश्चित वेळेत होणारे पूर्ण बंद, या तिन्हींचा मेळ सहसा घालावा लागतो.

याच संदर्भात न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी पाहावी. स्वतंत्र जाळ्यात न्यूट्रल जमिनीला एकाच ठिकाणी जोडलेला असावा. जनरेटरच्या आत अशी एक जोडणी अनेकदा आधीपासून असते आणि इन्व्हर्टरच्या पॅनेलमध्ये दुसरी केली जाते. दोन्ही राहिल्या तर गळतीवर चालणारे ब्रेकर विनाकारण सुटतात, मग कोणीतरी वैतागून ते काढून टाकतो. याउलट जनरेटर बंद होताच एकही जोडणी उरत नसेल, तर खरा बिघाड झाला तरी ते सुटत नाहीत. म्हणून मोजमाप तीन स्थितींत करावे: केवळ इन्व्हर्टर, केवळ जनरेटर आणि दोन्ही एकत्र.

सौर पॅनेलच्या तपासणीबद्दल फार लिहीत नाही, कारण आयईसी ६२४४६-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ती नीट दिलेली आहे: पोलॅरिटी, प्रत्येक स्ट्रिंगचे (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या ओळीचे) खुले व्होल्टेज, प्रवाह आणि इन्सुलेशनचा रोध. त्या नोंदींचा तक्ता मागून घ्यावा. ग्रामीण भागातील लहान अक्षय आणि संमिश्र प्रणालींसाठी आयईसी ६२२५७ ही वेगळी शिफारसमालाही आहे. करारात तिचा उल्लेख असेल तर आपली बाजू भक्कम होते.

बॅटरीच्या पडद्यावर दिसणाऱ्या टक्केवारीवर विसंबू नये. ती पूर्ण भरून, सौर आणि जनरेटर दोन्ही वेगळे करून, ठरलेल्या भारावर उतरवून पाहावी. वापरण्याजोगी क्षमता १८० किलोवॅट-तास असल्याचे करारात असेल, तर २५ किलोवॅटच्या भारावर ती सात तासांहून थोडी अधिक चालली पाहिजे. याच चाचणीत ठरलेल्या पातळीला जनरेटर आपोआप सुरू होतो का, हे कळते. त्यानंतर जनरेटरचा स्टार्टर मुद्दाम निकामी ठेवून प्रणाली पुढे काय करते, ते पाहावे. तिने आधी कमी महत्त्वाच्या वाहिन्या सोडाव्यात आणि आरोग्य केंद्र शेवटपर्यंत सांभाळावे. बॅटरीच्या व्यवस्थापन यंत्रणेची संपर्कतार चालू स्थितीत काढून पाहावी. संपर्क तुटला तर चार्जिंग थांबून प्रणाली सुरक्षित अवस्थेत गेली पाहिजे. आपल्याकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली जात असेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्या तापमानाला चार्ज करणे तिला कायमचे हानिकारक असते, तेव्हा खोलीतला हीटर कोणत्या स्रोतावर चालतो आणि संपूर्ण अंधारात त्याचे काय होते, हे विचारावे.

या संपर्कतारेबद्दल एक अनुभव सांगतो. डोंगरावरच्या एका वस्तीत आमच्या पथकाने सर्व चाचण्या केल्या, सर्व यशस्वी झाल्या आणि आम्ही उतरलो. चौथ्या दिवशी पहाटे गाव बंद पडले आणि त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी बंद पडत राहिले. परत गेल्यावर कारण सापडायला दोन दिवस लागले. संपर्कतार पंपाच्या केबलला लागून नेलेली होती. पंप सुरू होताना काही क्षण संपर्क तुटत असे, आणि बॅटरी उतरलेली असताना तेवढा व्यत्यय प्रणाली बंद पाडायला पुरेसा होता. पंपाची चाचणी आम्ही केली होती, पण ती भर दुपारी आणि बॅटरी भरलेली असताना केली होती. पहाटे चार वाजता, उतरलेल्या बॅटरीवर पंप लावण्याचे आम्हाला सुचले नव्हते. ती चूक आमची होती आणि तिचा त्रास त्या लोकांनी सोसला. तेव्हापासून सर्वांत मोठी मोटर सर्वांत वाईट वेळी सुरू करून पाहिल्याशिवाय मी कोणतीही प्रणाली सोपवत नाही. थेट सुरू होणारी मोटर क्षणभर नेहमीच्या सहापटीच्या आसपास प्रवाह ओढते. संध्याकाळच्या भारावर, जनरेटर बंद असताना, आपला पंप इन्व्हर्टर उचलतो का, हे आपणही स्वतः उभे राहून पाहावे. त्याच वेळी तिन्ही फेजचे प्रवाह मोजावेत. एकाच फेजवर जास्त घरे गेली असतील, तर एकूण भार निम्मा असतानाही ती एक फेज इन्व्हर्टरला बंद पाडू शकते.

पवनचक्कीबाबत एकच आग्रह धरतो. भार सुटल्यावर चक्की बेफाम फिरू नये म्हणून असलेला डंप लोड (जास्तीची वीज उष्णतेत जिरवणारा भार) आणि ब्रेक दोन्ही चालतात हे चांगल्या वाऱ्यात दाखवले गेले पाहिजे. आठवडाभर वाराच नसेल, तर चक्की बांधून ठेवून तिचा भाग प्रमाणपत्रातून वगळावा आणि वाऱ्याच्या दिवसांत वेगळा तपासावा.

दोन दिवस का पुरत नाहीत, हे एका मोठ्या उदाहरणावरून दिसते. कॅनरी बेटांतील एल हिएरो येथे ११.५ मेगावॅट पवनऊर्जा आणि पाणी वर चढवून साठवणारे ११.३ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र अशी प्रणाली आहे. तिचे उद्घाटन जून २०१४ मध्ये झाले. पूर्ण बेट काही तास केवळ अक्षय स्रोतांवर चालले ते ऑगस्ट २०१५ मध्ये, आणि सलग चोवीस दिवस तसे चालले ते २०१९ च्या उन्हाळ्यात. डिझेल केंद्र तिथे आजही राखीव म्हणून आहे. आपली प्रणाली त्या मानाने फार लहान असल्यामुळे इतका काळ लागणार नाही, पण काही आठवडे लागतीलच. माझी पद्धत अशी आहे: एक आठवडा मुद्दाम बिघाड घडवून केलेल्या चाचण्या, त्यानंतर दोन आठवडे अभियंते वस्तीत हजर असूनही कशालाही हात न लावता केलेली अखंड चाचणी, आणि ऋतू बदलल्यावर एक भेट. त्या दोन आठवड्यांत एकदाही हात लावावा लागला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. कंत्राटदारांना हा नियम जाचक वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही आपल्या वस्तीत तो शिथिल करू नये, असे मी म्हणेन, कारण रस्ता बंद असताना आपल्याला मदत मिळणार नाही.

या काळात गावाची खरी मागणीही मोजली जाते. आराखडा करताना धरलेला अंदाज आणि वीज आल्यानंतरचा वापर यांत मोठी तफावत पडू शकते. स्कॉटलंडच्या एग बेटावर फेब्रुवारी २००८ मध्ये जल, पवन आणि सौर मिळून वीज सुरू झाली, तेव्हा प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायांना १० किलोवॅट अशी मर्यादा ठेवली गेली. उत्पादन जास्त झाले की तिथली सामाईक सभागृहे त्या विजेवर गरम केली जातात. आपली मर्यादा वेगळी असेल, पण ती वीज सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत ठरावी. लोकांनी उपकरणे घेतल्यानंतर मर्यादा घातली, तर तिच्यावरून भांडणे होतात.

चालकांच्या प्रशिक्षणाबद्दल मला मनापासून कळकळ आहे. एका दिवसाचे व्याख्यान आणि इंग्रजी पुस्तिका याला प्रशिक्षण म्हणता येत नाही. निदान तीन जण निवडावेत, त्यात वस्ती सहसा न सोडणाऱ्या बायका असाव्यात. त्या प्रत्येकीने आणि प्रत्येकाने संपूर्ण अंधारातून प्रणाली स्वतःच्या हाताने उभी करून दाखवावी, अभियंत्याने शेजारी फक्त उभे राहावे, आणि हे तीनदा व्हावे. मी ज्यांना शिकवले त्यांतली एक बाई जनरेटरच्या आवाजावरून गव्हर्नर झुलतो आहे, म्हणजे इंजिनाचा वेग स्थिर राहत नाही, हे ओळखायची. पडद्यावर सूचना येण्याच्या आदल्या दिवशी तिने ते सांगितले होते. अशी माणसे वस्तीत तयार झाली की प्रणाली टिकते. जनरेटरची सुरू करण्याची बॅटरी दर आठवड्याला तपासणे, हे त्यांचे पहिले काम ठरवावे, कारण गरजेच्या वेळी जनरेटर सुरू न होण्यामागे बहुतेक वेळा तीच असते.

कागदपत्रांमध्ये सर्व उपकरणांच्या सेटिंगच्या फाइल, प्रत्यक्ष बांधणीप्रमाणे सुधारलेले आराखडे, सुट्या भागांची यादी व ते भाग, आणि सर्व पासवर्ड समितीच्या हाती यायला हवेत. पासवर्ड केवळ कंत्राटदाराकडे राहिले, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच्या सवडीवर अवलंबून राहील. इंटरनेट बंद करून प्रणाली तीन दिवस चालते का, हेही त्या दोन आठवड्यांत पाहून घ्यावे.

म्हणजे आता करायचे ते असे: कंत्राटदाराला लेखी कळवावे की जनरेटर आणि सौर यांचा प्रश्न ‘नंतर’वर सोडता येणार नाही, संरक्षणाचे गणित केवळ इन्व्हर्टरवर करून मिळावे, आणि दोन आठवड्यांची अखंड चाचणी रस्ता बंद होण्यापूर्वी संपावी. तेवढा वेळ उरला नसेल, तर तात्पुरत्या वापराच्या वेगळ्या कागदावर सही करावी, त्यात अपुऱ्या चाचण्यांची यादी जोडावी आणि अंतिम हप्ता ऋतू बदलल्यानंतरच्या भेटीपर्यंत रोखून ठेवावा. संरक्षणाचा मुद्दा मात्र तात्पुरत्या वापरापूर्वीच मिटला पाहिजे. दरम्यान जनरेटरची रिकाम्या भाराची आणि पूर्ण भाराची फ्रिक्वेन्सी, तसेच सौर इन्व्हर्टर कोणत्या फ्रिक्वेन्सीला सुटतो तो आकडा, हे तीन आकडे मला कळवल्यास सेटिंग नेमके कुठे बदलावे लागेल ते मी सांगू शकेन.